फुलीचा खड्डा

सरकून बसा जरा. हां, असं. एक गोष्ट सांगतो आणि पुरी सांगणार आहे, तेव्हा मधेच घड्याळ बघायचं नाही. गोष्ट ट्रकची आहे. ट्रकमधलं काही कळत नसेल तरी अडणार नाही. ही गोष्ट कळायला माणसाला नुसतं बूड लागतं, आणि ते तुम्ही घरी विसरून आला नाहीत हे मला दिसतंय.

तर एक होता मास्तर. शाळेतला नव्हे, शाळेशी त्याचं चौथीतच बिनसलं होतं. हा कारखान्यातला मास्तर. कारखाना कसला, तर जुने अवजड ट्रक आणायचे, ज्यांची चारी चाकं ओढतात आणि चाक माणसाच्या छातीला लागतं असले, ते उघडे करून नीट करायचे आणि पाठीवर एक घर बसवायचं. घर म्हणजे खरंच घर: पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, चपला ठेवायची जागा. मग ज्यांच्या पायाला भिंगरी असते ती माणसं ते घर घेऊन जिथं रस्ता संपतो तिथून पुढे जायची. मास्तरचं काम एवढंच, की ट्रक गिऱ्हाइकाच्या हाती जायच्या आधी मागच्या मैदानात त्याचा जीव काढायचा आणि वहीत लिहायचं, काय खटकलं. बावीस वर्षं हेच. त्याच्याकडे ना यंत्र ना कागद. तो सीटवर बसायचा, गिअर टाकायचा, आणि जमीन, चाक, स्प्रिंगा, चासी म्हणजे ट्रकचा लोखंडी सांगाडा, यांचं आपसात जे काही चाललेलं असेल ते सगळं त्याला खालून कळायचं. कुठला बोल्ट सैल, कुठलं रबर मेलंय, चासी कुठं कण्हतेय. तोंडावर लोक त्याला मास्तर म्हणायचे, पाठीमागे बूडमास्तर. त्याला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचं.

त्या दिवशी सकाळी तो बायकोबरोबर घरातून निघाला. तिचं शिवणाचं दुकान बसथांब्याच्या वाटेवर, म्हणून रोज तेवढं सोबत चालायचं आणि तेवढ्यात दिवसभराचं भांडून घ्यायचं. औषधाच्या दुकानासमोर फुटपाथ संपतो, तिथं त्यानं रोजच्यासारखा पाय खाली टाकला आणि पाय खाली पोचलाच नाही. म्हणजे पोचला, पण चार बोटं उशिरा. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ मास्तर हवेत होता, पण तेवढ्यात त्याला असं वाटलं की आपण जमिनीला जे गृहीत धरून आलो ते आपलं आपणच ठरवलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं. मग टाच आपटली. हिसका गुडघ्यातून कमरेत, कमरेतून एकेक मणका चढत वर गेला आणि दातांवर आदळला.

"काय झालं हो?" बायको म्हणाली.

"काही नाही."

"काही नाही कसं? दात वाजले तुमचे. मी ऐकले."

"फुटपाथ वर आलाय."

"हो, रात्री उठून बसला असेल." तिनं त्याचं कोपर धरलं.

"सोड. लोक बघतात."

"बघू देत. चौतीस वर्षांत पहिल्यांदा रस्त्यात हात धरलाय, बघू देत की."

ती तिच्या दुकानाकडे वळली आणि मास्तर बसमध्ये चढला. खिडकीची जागा मिळाली. एरवी तो बसमध्ये डोळे मिटून एक खेळ खेळायचा: कुठल्या चाकात हवा कमी, कुठली स्प्रिंग दमलीय, ड्रायव्हरचा क्लच किती दिवसांचा सोबती. कुणाला सांगायचा नाही. आपला आपला खेळ. आज डोळे मिटले तर खाली नुसतं गाडगाड. लग्नाच्या मांडवात सगळे एकदम बोलतात आणि एकाचंही कळत नाही, तसं. तो जरा डावीकडे सरकला, जरा उजवीकडे, मग पुढे झुकला, मग पाठ टेकली. शेजारच्या बाईनं तीनदा त्याच्याकडे बघितलं आणि चौथ्यांदा जागा बदलली. मास्तरला त्याचं काही नव्हतं. त्याच्या डोक्यात ती चार बोटं बसली होती. चार बोटं म्हणजे काय, तर ट्रकच्या पोटाखालून दगड निसटतो की पोट फाडतो यातला फरक. आयुष्यभर त्याला एवढा फरक सीटवर बसून कळत आला होता आणि आज स्वतःचा पाय खाली टाकताना कळला नाही. वय त्रेसष्ट. डोळ्याला चष्मा लागतो, कानाला यंत्र मिळतं. याला काय मिळतं? कुठल्या डॉक्टरकडे जायचं आणि काय सांगायचं?

आणि नेमकं आज. आज दुसरा कुठला ट्रक असता तर त्यानं पोट बिघडल्याचं सांगून घरी झोप काढली असती. आज लेकीचा ट्रक होता.

लेक शिकलेली. लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत आरेखनाच्या कामावर होती, ते सोडून चौदा महिन्यांपूर्वी या कारखान्यात आली. का, तर म्हणे तिथं सगळं कागदावरच राहतं, मला वस्तू बघायचीय. हा तिचा पहिला ट्रक. चासीवर घर कसं बसवायचं ते तिनं नव्यानं काढलं होतं. चौदा महिने घरच्या स्वयंपाकघरात भिंतीवर तिचे कागद चिकटवलेले, डब्यांच्या वर, आरशाच्या कडेला, आणि मास्तर जेवताना तिकडे बघायचाही आणि बघत नसल्यासारखंही करायचा. ट्रक घेणारा एक दाताचा डॉक्टर आणि त्याची बायको. त्यांनी राहतं घर रिकामं केलं होतं, सोमवारी निघणार होते. म्हणजे मास्तरनं आज चुकून "ठीक आहे" लिहिलं तर ती दोघं माणसं दूर कुठं तरी, जिथं हाक मारून कुणी येत नाही तिथं, तडकलेल्या घरात बसणार. आणि चुकून "नको" लिहिलं तर पोरीचं पहिलं काम बापाच्या बहिऱ्या बुडामुळं मातीत जाणार. बसनं एक खड्डा घेतला. मास्तरनं कान टवकारावेत तसं लक्ष खाली दिलं. गाडगाड.

खालचं आपल्याला बुडातून कळतं, हे पहिल्यांदा कळलं ती नदी त्याला आठवली. तेव्हा तो सव्वीसचा, दगडवाल्या साहेबांच्या पार्टीत ड्रायव्हर. ते साहेब जमिनीला भोकं पाडून खाली काय दगड आहे ते बघायचे, आणि भोकं पाडायच्या लोखंडी नळ्या मास्तरच्या ट्रकमध्ये. नदी उतरायची तर कुणी तरी काठी घेऊन पुढे पाण्यात चालायचं आणि ड्रायव्हरनं त्याच्या हाताकडे बघत मागून यायचं, हा रिवाज. पुढे चालणारा माणूस आजारी पडला, तर पार्टीच्या स्वयंपाक्याची पोरगी म्हणाली, मी चालते. चालली. कमरेएवढं पाणी, हातात काठी, ये म्हणून हात हलवतेय, आणि मास्तर मागं, खालच्या गुळगुळीत गोट्यांवरून चाकं घसरत बसत घसरत येतायत, सगळं ठीक, आणि एकाएकी त्याला डाव्या मांडीखाली काही तरी हलकं लागलं. आवाज नाही, हिसका नाही. जसं जिना उतरताना अंधारात कळतं की पुढे पायरी नाही, तसं. तो थांबला. ती वळून ओरडली, "का थांबलास? ये की." तो म्हणाला, "खाली पोकळ आहे." "मी आत्ताच गेले तिथून." "तू गेलीस. तू काय नऊ टनांची आहेस?" ती मागं आली, काठी डाव्या चाकापुढे खुपसली, आणि काठी गेली ती मुठीपर्यंत गेली. तिनं मान वर करून त्याच्याकडे जे बघितलं, त्या बघण्यावर पुढे लग्न झालं. म्हणजे बघा, त्याचं नाव, त्याची नोकरी, त्याचा संसार, सगळा डोलारा एका जागेवर उभा, आणि ती जागा आज बसच्या सीटवर मुकी बसलेली. ती गेली तर राहिलं काय, पासष्ट किलोचं गाठोडं.

कारखान्यात शिरला तेव्हा लेक ट्रकखाली होती. फक्त बूट दिसत होते. घरी ती त्याला बाबा म्हणायची आणि अरेतुरे करायची. कारखान्याच्या फाटकाच्या आत मास्तर आणि अहोजाहो. हा नियम मास्तरनंच घातला होता आणि पहिल्या आठवड्यात तोच चारदा स्वतःला बाबा म्हणून चुकला होता.

"चाव्या लावल्यात, मास्तर," बूट म्हणाले. "सकाळी चारी चाकांची हवा मोजलीय. सारखी आहे."

"आणि माझे ड्रॉवर जरा हळू ओढा," सुतार त्याच्या शेडच्या दारातून म्हणाला. घराच्या आतलं लाकूडकाम त्याचं. "लेकीसारखे सांभाळलेत मी ते."

"लेकीसारखे असते तर एव्हाना उलटून बोलले असते," मास्तर म्हणाला. बूट हसले.

मैदान मास्तरनं स्वतः केलेलं. तरी गाडी घालायच्या आधी तो ते पायी फिरायचा, रोज, काल फिरला असला तरी. आज फिरताना तो प्रत्येक पाय जपून टाकत होता, जणू जमीन कुणी रात्रीत बदलून ठेवलीय. रेतीचा पट्टा, पाण्याचा हौद, अर्धे पुरलेले पाइप, आडवा उतार, आणि शेवटी फुलीचा खड्डा. परत येऊन त्यानं चाकांची हवा कमी केली. मऊ जमिनीवर घट्ट चाक सुरीसारखं रुततं, हवा सोडली की ते उंटाच्या पायासारखं पसरतं. मग वर चढला, दार ओढून घेतलं, बुडाला मनातल्या मनात म्हणाला, चल बाबा, लाज राख.

रेतीतून ट्रक असा गेला, जसा लोण्यातून. हौदात पाणी चाकाच्या मध्यावर चढलं, पुढे एक लाट ढकलत तो पलीकडे निघाला, मिशा पुसत निघालेल्या माणसासारखा. आडव्या उतारावर सगळं घर डोक्यावर घेऊन तिरका उभा राहिला आणि मास्तरनं वाट बघितली. काही नाही. काही नाही म्हणजे काहीच नाही. ना घर डोललं, ना चासी कुरकुरली, ना कुठं काही टिकटिकलं. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. मास्तरनं बूड उचललं, परत टेकवलं आणि पुन्हा वाट बघितली.

मग फुली. फुलीचा खड्डा म्हणजे जमिनीवर फुली काढा. तिच्या एका रेघेच्या दोन टोकांना खड्डे, दुसरीच्या दोन टोकांना उंचवटे. ट्रक मधे उभा केला की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खाली लोंबतं, उरलेली दोन वर, आणि चासी ओल्या टॉवेलसारखी पिळली जाते. लोंबणारं चाक रिकामं गरगरतं आणि इंजिनाची सगळी ताकद तेच खाऊन बसतं. मग लॉक टाकायचं, म्हणजे दोन्हीकडची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी फिरतात आणि जमिनीवरचं चाक ट्रक ओढून काढतं. पण मास्तर काढायचा नाही. तो तिथंच, पिळलेल्या अवस्थेत, इंजिन बंद करायचा, मागं घरात जायचा, आणि एकेक दार, एकेक ड्रॉवर उघडून लावून बघायचा. नवीन माणसं हसायची. हसू देत. त्याला कारण होतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी पार्टीनं एक ट्रक आणला, पाठीवर स्वयंपाकघर असलेला. बांधणाऱ्यानं ते घर चासीला बोल्टांनी घट्ट आवळलं होतं, इतकं घट्ट की बघून बरं वाटावं. एका कोरड्या नाल्यातून चढताना ट्रक असाच फुलीत सापडला, लॉकचा दांडा मास्तरच्या हातात तुटून आला, आणि गाडी पुढे नाही, मागं नाही. बायको आत, सातवा महिना. चासी पिळली तसं घरही पिळलं आणि दार चौकटीत असं बसलं की चौघांनी ओढलं तरी हलेना. खिडकी एक वीत. तिच्यातून तिचं अर्धं तोंड दिसत होतं. "दार उघडा," ती म्हणाली. "उघडत नाही." "मग गाडी सरळ करा." "ती पण होत नाही." "मग तुम्ही बाहेर करताय काय?" वरच्या दोन चाकांखालची जमीन फावड्यांनी खणून ट्रक सपाट करायला तीन तास लागले, आणि ते तीन तास तिनं आत शेगडी पेटवून खणणाऱ्यांना खिडकीतून चहा दिला, प्रत्येक कपाबरोबर मास्तरच्या खानदानाविषयी एक वाक्य. साहेब लोक नंतर म्हणाले, इतका चांगला चहा आणि इतकी माहिती एकाच वेळी कधी मिळाली नव्हती. पण मास्तरला त्या वेळी हसू आलं नव्हतं. दाराला कान लावला की आत लाकूड तडतडताना ऐकू येत होतं, आणि आत दोघी होत्या.

आता त्यातली धाकटी खाली उभी राहून वर बघत होती, ओठ दाताखाली धरून. तिनं हे घर चासीला आवळलं नव्हतं. तिपाईसारखं तीन पायांवर ठेवलं होतं. चार पायांचं स्टूल वाकड्या जमिनीवर डुगडुगतं. तिपाई कशीही ठेवा, टेकते. खाली चासी हवी तशी पिळू दे, वर घराला पत्ता लागणार नाही. मास्तर आत शिरला. अकरा दारं आणि ड्रॉवर. सगळी उघडली, सगळी लागली, शेवटचं चमच्यांचं ड्रॉवर तर नुसत्या बोटानं. पण दारं आजचं सांगतात. सहा महिन्यांनी कुठं तडा जाणार ते बूड सांगतं, त्या बारीक कण्हण्यावरून, आणि ते कण्हणं आज नव्हतं. नव्हतं, की होतं आणि त्याला लागलं नाही? हेच त्याला कळेना. माणूस बहिरा झाला तर त्याला काय ऐकू येतं? हेच येतं. शांतता. आणि शांत घर असलं तरी हेच.

त्यानं लॉक टाकून ट्रक वर काढला, सुतारशेडजवळ लावला, लॉक सोडलं, चाकांत हवा भरून घेतली आणि वही घेऊन बाकावर बसला. वहीत रकाने चार: तारीख, ट्रक, गिऱ्हाईक, तक्रार. बावीस वर्षांत तक्रारीचा रकाना कोरा नव्हता. डावा आरसा थरथरतो. शेगडी वाजते. तिसऱ्या गिअरात पायाला मुंग्या येतात. एकदा काहीच सापडेना, तेव्हा त्यानं लिहिलं होतं, रंग बरा नाही. चांगलं आहे असं त्याला कधी लिहिता आलं नाही, बोलताही आलं नाही. लेकीला शाळेत शंभरातले सत्त्याण्णव पडले तर यानं विचारलं होतं, तीन कुठं सांडले? त्याला वाटायचं, जे बरोबर आहे ते चाललंच आहे, त्याला आणखी बोलून काय करायचं; जिथं खुपतं तिथं बोट ठेवावं. पोरगी त्या दिवशी नुसती प्रगतिपुस्तक घेऊन आत गेली होती, आणि आत जातानाची तिची ती छोटी पाठ आज इतक्या वर्षांनी, जेवणाची सुट्टी झालेली, यंत्रं थांबलेली, कुठं तरी नळाखाली डबे धुतल्याचा आवाज, अशा वेळी त्याला उगाच दिसली.

ती येऊन शेजारी बसली. हात ग्रीसनं काळे.

"काय लिहिलं?"

"अजून नाही."

"सांगा तर. काय खटकलं ते सांगा. मी तयारी करून आलेय."

"कसली तयारी?"

"रडायची नाही याची."

मास्तरनं पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "काही खटकलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खाली काही लागलंच नाही. कोरं." आणि मग त्यानं तिला फुटपाथचं सांगितलं, चार बोटांचं, बसमधल्या गाडगाडीचं, त्या उठून गेलेल्या बाईचं. सांगताना तो समोर बघत होता. बाईचं ऐकून लेक आधी हसली, मग हसायची थांबली.

"म्हणजे एक तर माझा ट्रक चांगला आहे," ती म्हणाली, "नाही तर तुमचं ते बिघडलंय."

"हां."

"आणि दोन्हीतलं तुम्हाला दुसरंच खरं वाटलं."

मास्तरनं वही मिटली.

"माझा ट्रक चांगला असेल, हे मनात आलंच नाही तुमच्या."

"आलं," मास्तर म्हणाला. "सगळ्यात आधी तेच आलं. म्हणून तर भ्यालो. दुसऱ्या कुणाचा असता तर इतकं मनापासून वाटलं असतं का, की चांगला असू दे म्हणून? आता मला जे लागत नाही ते खरंच नाही, की मला नकोय म्हणून लागत नाही? त्या डॉक्टरला काय सांगू? बापाला बरं वाटलं, जा तुम्ही?"

ती बराच वेळ बोटांवरचं ग्रीस पुसत राहिली. जात नव्हतं तरी पुसत राहिली.

"हवेचा काटा बरोबर दाखवतो का बघायचं असेल तर काय करता तुम्ही?"

"माहीत असलेली हवा मोजून बघतो."

"मग उठा."

तिनं त्याला केबिनमध्ये बाजूच्या सीटवर बसवलं, डोळ्यांवर सुताराचा रुमाल बांधला. रुमालाला भुश्श्याचा वास. मास्तरला बाहेर हवा सुटल्याचा आवाज आला, पण ती लबाड. चारी चाकांपाशी जाऊन थोडीथोडी फुसफुस करून आली, म्हणजे आवाजावरून कळू नये. एकाच चाकात हवा खरी कमी केलेली, बाकीच्या नुसत्या हुलकावण्या. मग तिनं गाडी सुरू केली आणि पुरलेल्या पाइपांवर घातली. मास्तर अंधारात बसला. सुरुवातीला सकाळचंच, गाडगाड, सगळे एकदम बोलतायत. त्याला वाटलं, संपलं. त्यानं हात मांडीवर ठेवले आणि कान देऊन ऐकायचं सोडून दिलं, आणि मग, गर्दी जरा पांगावी आणि ओळखीचा एक आवाज यावा, तसं पुढून उजवीकडून एक मऊ, आळशी पाऊल पडताना लागलं. पाइप, पाऊल. पाइप, पाऊल. गाढव जसं एका पायानं लंगडतं आणि उरलेल्या तिन्हींनी नाही.

"पुढचं उजवं," तो म्हणाला. "पंचवीसएक पौंड सोडलीस."

गाडी चालत राहिली.

"थांब. मागचं डावं पण. आठेक."

"नाही."

"आहे."

"मास्तर, मी एकच सोडलं. पुढचं उजवं, पंचवीस. बरोबर ओळखलंत, झालं की."

"मागच्या डाव्यात आठ कमी आहे."

"मी हातही लावला नाही त्याला. नुसतं तोंडानं फूस केलं."

"मग तोंडानं केलेलं बुडाला कसं लागेल? उतर आणि मोज."

ती उतरली. सुतार आला, आणखी दोघंतिघं आले. मास्तर रुमाल न सोडता तसाच वर बसून राहिला; त्याला ते बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. काटा लावल्याचा आवाज. मग सुतार म्हणाला, "नऊ कमी आहे."

"नऊ," लेक म्हणाली.

"चाकाला पाणी लावा," मास्तर वरून म्हणाला.

लावलं. चाक थोडं पुढे नेलं, पुन्हा लावलं, आणि रबराच्या दोन नक्ष्यांच्या मधून बारीक बुडबुडे यायला लागले. पक्कडीनं खेचून काढला तर चांगला चार इंची खिळा. सगळ्यांनी सुताराकडे बघितलं.

"माझा नाही," सुतार म्हणाला. "माझे असे गंजके नसतात."

"तुझ्या शेडजवळच गाडी लावली होती."

"मग गाडीनं उचलला असेल. मी काय गाडीला भरवायला गेलो होतो?"

मास्तर रुमाल सोडून खाली उतरला. शेवटची पायरी उंच होती. ती तो बघून उतरला, आणि त्यात त्याला काही वाईट वाटलं नाही. लेक बुडबुड्यांपाशी उकिडवी बसली होती. कपाळावर घाम, नाकावर ग्रीसचा डाग. ती वर बघून हसायला लागली, आणि मग डोळे पुसायला लागली, आणि पुसताना आणखी काळी झाली.

"रडायचं नाही अशी तयारी केली होतीस ना," मास्तर म्हणाला.

"ती ट्रक नापास झाला तर होती. याची नव्हती केली."

"याची म्हणजे कसली? मी अजून काही लिहिलं नाही."

"मग लिहा ना, बाबा," ती म्हणाली. "काय लिहायचं ते लिहून टाक एकदाचं."

फाटकाच्या आत बाबा. अरेतुरे. मास्तर तिला टोकणार होता, पण टोकलं नाही. तो बाकावर गेला, वही उघडली, तारीख घातली, ट्रक, गिऱ्हाईक. चौथ्या रकान्याशी पेन थांबलं. नंतर त्याच्या अक्षरात, म्हणजे सुतळीचे तुकडे सांडल्यासारखं दिसतं तसं, त्यानं लिहिलं: मागच्या डाव्या चाकात खिळा.

ती खांद्यावरून वाचत होती. "खिळा माझा नाही."

"ट्रकमध्ये होता ना?"

"होता."

"मग." आणि त्यानं पेन उचललं नाही. सुतार बघत होता, ती दोघंतिघं बघत होती, आणि मास्तरला कान गरम झाल्यासारखे वाटले, लग्नात नाव घ्यायला सांगितल्यावर झाले होते तसे. त्यानं खिळ्याच्या पुढे पूर्णविराम दिला, आणि त्याच्यापुढे, रकान्याची रेघ ओलांडून, जागा पुरेना म्हणून समासात चढवत लिहिलं: बाकी काही नाही.

लेकीनं ते वाचलं. तुम्हाला वाटेल, चार शब्द चांगले लिहायला काय झालं होतं. पण तिनं बावीस वर्षांची वही पानं उलटून उलटून बघितलेली होती. एवढं कुणाला मिळालेलं नव्हतं ते तिला ठाऊक होतं. तिनं वही मिटली, त्याच्या हातात दिली, आणि चाक खोलायला स्पॅनर आणायला गेली. जाताना तिची पाठ ताठ होती आणि ती शीळ घालत होती, अगदी बेसूर.

सोमवारी दाताचा डॉक्टर आणि त्याची बायको निघाले. डॉक्टरनं पहिल्या वळणावर गिअर असा काही घातला की मास्तरनं डोळे मिटून घेतले, पण ट्रकनं चालवून घेतलं. आता ते कुठं असतील देवाला ठाऊक. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. तुम्ही पुष्कळ फिरता. कधी एखाद्या वाटेवर असा मातकट हिरवा ट्रक पुढे दिसला, पाठीवर घर, आणि खिडकीत भोपळी रंगाचा पडदा, तर मागून हॉर्न मारू नका. तो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या दातांत बघत बसला होता, आता कुठं बाहेर बघतोय. त्याला सावकाश चालवू द्या.